गज, जाळी आणि तावदान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवातील भाषण)



जयपुरात आलेला पाहुणा प्रथम हवामहालासमोर न्या म्हणतो. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये लालचंद उस्तादांकडून बांधवून घेतलेल्या या पाच मजली वास्तूत ९५३ लहान खिडक्या आहेत. पाहुणे त्या मोजू लागतात. आमची दृष्टी मात्र जाळीच्या छिद्रांपेक्षा छिद्रांमधल्या दगडावर जाते. कारागीर शिळेतून नको तो दगड काढून टाकतो आणि उरलेल्या बारीक पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात. एक तुटली की शेजारणीवर भार येतो. येथे नक्षी कोणती आणि आधार कोणता, हे सांगता येऊ नये.

आपल्या वाड्यांतली खिडकी याहून साधी. उभे लोखंडी गज आणि त्यांना मध्यावर ओवून घेणारी आडवी पट्टी. लांब गज जोर लावून फाकवता येतो. पट्टीने त्याचे दोन आखूड भाग केले की चोराचे बळ पुरत नाही. तावदानांचेही तसेच. मोठी काच दुर्मिळ होती तोवर लहान काचा लाकडी पट्ट्यांत बसवाव्या लागत. वितळलेल्या कथलावर काच तरंगविण्याची पिल्किंग्टन यांची रीत १९५९ मध्ये जाहीर झाली आणि पुढे ती गरज उरली नाही. आता हौसेने अखंड काचेवर पट्ट्या चिकटवतात. त्या काहीच तोलत नाहीत.

जाळीविषयी आमचे मन मात्र द्विधा आहे. राजस्त्रियांनी मिरवणूक पाहावी, पण स्वतः दिसू नये, यासाठी ती होती. पुण्याहून येथे नांदावयास आलेल्या आमच्या मातोश्रींना पहिली दोन वर्षे घरच्या जाळीतून रस्ता पाहणे जिवावर येई. पुढे वैशाखात त्यांनी त्याच जाळीखाली अंथरूण घातले. ऊन अडे, वारा अडत नसे.

ती जाळी आम्हीच आठ वर्षांपूर्वी काढली. वातानुकूलन यंत्रासाठी अखंड काच आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट बसविली. मातोश्री काही बोलल्या नाहीत. खाट तेवढी आतल्या खोलीत नेली. वीज गेली की त्या दालनात आता बसवत नाही. जाळी गच्चीवर दोन तुकड्यांत पडून आहे.

मंडळाच्या खिडक्या बदलण्याचा ठराव येत्या सभेपुढे आहे. आम्ही विरोधी मत देणार. गज गंजले आहेत, दोन चौकटी कुजल्या आहेत, हे खरे. सुताराला आम्ही त्या दाखविल्या. दुरुस्तीचा त्याचा अंदाज चिटणिसांकडे दिला आहे.