अध्यक्षीय भाषण : कीटोजनिक आहार आणि अपस्मारग्रस्त मूल



कीटोजनिक आहाराचे नाव आज वजन घटवण्याच्या संदर्भातच अधिक ऐकू येत असले, तरी हा आहार जन्माला आला तो अपस्माराच्या, म्हणजे बोलीत ज्याला आकडी किंवा फिट म्हणतात त्या विकाराच्या, उपचारासाठी. उपवासाने झटके आटोक्यात येतात हा अनुभव जुना होता. परंतु मुलाला दीर्घकाळ उपाशी ठेवता येत नाही, म्हणून अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये उपवासातील रासायनिक स्थिती जेवणातूनच निर्माण करण्याची कल्पना मांडली.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो, आणि एरवी ही गरज ग्लुकोज भागवते. पिष्टमय पदार्थ बंद झाले की यकृत चरबीपासून कीटोन, मुख्यतः बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट व ॲसिटोॲसिटेट ही संयुगे, तयार करते. ती वापरण्यासाठी लागणारे विकर यकृतात नसल्यामुळे ती रक्तात उतरतात आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की कित्येक आठवड्यांच्या उपवासानंतर मेंदूच्या इंधनातील निम्म्याहून अधिक वाटा कीटोनांचा असतो. ग्लुकोज मेंदूत नेणारे वाहक प्रथिनच ज्या मुलांत जन्मतः अपुरे असते, त्यांच्यासाठी हा आहार म्हणूनच पहिल्या पसंतीचा उपचार ठरतो.

१९३८ मध्ये फेनिटॉइनचा गुण सिद्ध झाला, गोळी देणे सोपे होते, आणि हा आहार मागे पडला. तो पुन्हा भक्कम पायावर उभा राहिला तो लंडनमधील १४५ मुलांवरील चाचणीमुळे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांचे झटके तीन महिन्यांत निम्म्याहून अधिक घटले, तर आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. आणि ही सर्व मुले औषधांना दाद न देणारी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते.

स्मृतिभ्रंशावर हा आहार वापरण्याविषयी मात्र संयम हवा. अल्झायमरमध्ये मेंदूची ग्लुकोज वापरण्याची क्षमता घटते आणि कीटोन वापरण्याची क्षमता बरीचशी टिकून राहते, ही आशादायक बाब खरी. पण तेवढ्यावरून, कीटोन वाढवण्याच्या नावाखाली, खोबरेल तेलाचे चमचे उपचार म्हणून विकणे हा रुग्णांवरील अन्यायच आहे.

अपस्मारावरील या आहाराची खरी कसोटी स्वयंपाकघरात लागते. अभिजात पद्धतीत प्रथिने व पिष्टमय पदार्थ मिळून १ ग्रॅम, तर स्निग्ध पदार्थ ४ ग्रॅम असे प्रमाण राखले जाते, आणि दिवसभरात जेवढे पिष्टमय पदार्थ चालतात तेवढे बहुधा एका पोळीतच संपतात. वरणभात, भाकरी, केळे हे सारे दूर ठेवून आईला तूप, लोणी, खोबरे, पनीर, अंडे यांचे वजन काट्यावर ग्रॅममध्ये करावे लागते, वाटीला चिकटलेले तूपही पुसून मुलाच्या तोंडात घालावे लागते, आणि शेजाऱ्याने मायेने दिलेले एक बिस्किट किंवा सर्दीचे गोड औषधही दिवसभराची मेहनत वाया घालवू शकते. मुतखडा, बद्धकोष्ठता, वाढ खुंटणे यांवर लक्ष ठेवावे लागते. चरबीच्या ज्वलनातच जन्मजात दोष असेल तर हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तपासण्या अनिवार्य आहेत.

गुण आलेल्या मुलांना हा आहार साधारणपणे दोन वर्षे देऊन नंतर टप्प्याटप्प्याने कमी केला जातो, आणि झटके पूर्ण थांबलेल्या मुलांपैकी बहुतेकांना तो थांबवल्यावरही ते पुन्हा येत नाहीत. एवढा काळ हा भार एकट्या आईवर टाकणे योग्य नाही. अपस्माराच्या प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांच्या शेजारी आहारतज्ज्ञाची खुर्ची असावी आणि घरी न्यायचा वजनाचा तक्ता मराठीत छापलेला असावा, ही मागणी या परिषदेने ठरावाच्या रूपाने मंजूर करावी.