पत्र लिहून देणारा माणूस

या उकाड्यात काळे झगे घालून बसलेल्या माझ्या पदवीधर मित्रमैत्रिणींनो,

'नेटवर्किंगवर बोला,' असं मला सांगण्यात आलंय. आमच्या घरात यासाठी दोनच शब्द होते, ओळख आणि वशिला. ओळख असावी, वशिला नसावा, असं आई म्हणायची. फरक काय म्हणून विचारलं, तर म्हणायची, "वशिल्याच्या माणसाकडे काम असलं की जातात. ओळखीच्याकडे काम नसतानाही जातात."

माझे वडील 1966 साली संगमेश्वराकडच्या एका खेड्यातून लालबागला आले, ते थेट गावाच्या खोलीवर. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांनी गिरणगावात अशा खोल्या धरल्या होत्या, त्यांना गाळा म्हणत. एवढीशी खोली आणि तीसेक माणसं. भिंतीला लागून ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, आडव्या दोरीवर सगळ्यांचे कपडे. पहिल्या पाळीवाला उठून गेला की रातपाळीवाला येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खाणावळीत, महिन्याच्या हिशेबावर. गावातला कुणी मामा, कुणी चुलता गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात असायचा. तो जॉबरकडे, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडे शब्द टाकायचा आणि पोरगा बदली कामगार म्हणून लागायचा. वडील नवव्या दिवशी लागले.

'शब्द टाकणे' या प्रयोगाकडे जरा थांबून बघा. पोरगा कामचुकार निघाला, तर जॉबर चार शिव्या चुलत्याला द्यायचा. पुढच्या वेळी त्या चुलत्याच्या शब्दाला कुणी विचारायचं नाही. तुम्ही आता चार वर्षं ज्याच्याशी बोलला नाहीत अशा सीनियरला रात्री अकरा वाजता लिंक्डइनवर 'हाय सर, रेफरल मिळेल का?' असं विचारणार आहात. जरूर विचारा, मीही असे निरोप पाठवलेत. पण त्याच्याकडून आपण काय मागतोय, हे ठाऊक असू द्या. तिथल्या साहेबांपुढे त्याची जी पत आहे, त्यातली थोडी तुम्ही उसनी घेताय.

तर हे गाळ्याचं जाळं इतकं घट्ट होतं. आजारपण, लग्न, मयत, गावी धाडायचे पैसे, सगळं त्यातच निभायचं. आणि मग 18 जानेवारी 1982 उजाडला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली जवळपास अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मी तेव्हा चौथीत होते. पहिले काही महिने गाळ्याने एकमेकांना धरून ठेवलं. नंतर मात्र सगळ्यांच्याच ट्रंकेचा तळ दिसायला लागला. कुणाला कुणासाठी शब्द टाकायला जागाच उरली नव्हती, कारण सगळे गिरणीतच होते. गिरणीबाहेर कुठे काय काम आहे हे तिसातल्या एकालाही माहीत नव्हतं. जीव लावणारी तीस माणसं होती, पण तिसांना मिळून एकच बातमी ठाऊक होती, आणि ती वाईट होती.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या लोकांना विचारलं होतं, की नोकरीची बातमी तुम्हाला कुणी दिली आणि त्या माणसाला तुम्ही कितीदा भेटत होतात? 1973 सालच्या त्याच्या निबंधात उत्तर आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्या शंभरांतल्या जेमतेम सतराजणांना ती बातमी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. अठ्ठावीसजणांच्या बाबतीत सांगणारा माणूस वर्षात फार तर एकदा दिसणारा होता. बाकीच्यांचा अधूनमधून भेटणारा. जवळच्यांना बहुधा तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. नवी बातमी लांबून येते. मी हे इंजिनीअरिंग संपल्यावर वाचलं आणि मला एकदम आमच्या चाळीचा जिना आठवला.

त्या जिन्यावर बसून वडील लोकांची पत्रं लिहून द्यायचे. अक्षर चांगलं होतं, सातवी पास होते. पोस्टकार्ड, मनिऑर्डरचा फॉर्म, शाळेचा अर्ज, काहीही. पैसे घेत नसत. आई चिडायची, कारण रविवारची दुपार त्यातच जायची. त्या पत्रवाल्यांत साताऱ्याकडचा एक वॉचमन होता. त्याचं आमचं ना गाव एक, ना जात, ना गिरणी. दोन महिन्यांतून एकदा कार्ड घेऊन यायचा, मजकूर सांगायचा, पाणी पिऊन जायचा. संपाला वर्ष होत आलं तेव्हा तो आला आणि कार्ड खिशातच ठेवून म्हणाला, "भाऊ, आमच्या गोडाऊनवर लिहिणारा माणूस पाहिजे. मालाच्या चिठ्ठ्या करायला." साचेखात्यातला माणूस हिशेबनीस झाला. त्याच पगारावर मी शिकले.

वडिलांनी ती पत्रं या दिवसासाठी लिहिली नव्हती, हे मला पक्कं माहीत आहे. आणि अशी पत्रं लिहून दिली की नोकरी मिळतेच, असंही मी सांगणार नाही. त्यांच्याच जिन्यावरचे इतर कितीतरी लोक परत कधी दिसले नाहीत.

ओळख जपायची कला मात्र आईकडे होती. तिच्याकडे आहेराची वही होती, लाल बासनात बांधलेली. कुणी काय दिलं, किती रोख, कुठलं भांडं, सगळं ओळीने. कुणाच्या घरी कार्य निघालं की वही सुटायची. अकरा आले असतील तर एकवीस जायचे. तेवढ्यावर ती थांबत नसे. समासात बारीक अक्षरात 'मुलगी बाळंतपणाला आलेली', 'डोळ्याचं ऑपरेशन' असलं काही लिहिलेलं असायचं, आणि भेट झाली की ती आहेराच्या आधी त्याबद्दल विचारायची. माझ्या फोनमध्ये दोन हजारांवर नंबर आहेत. समास एकालाही नाही.

याचा पुरावाही देते. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक मामा होते. पाच वाजून गेल्यावरही माझ्यासाठी लेथ चालू ठेवायचे, कारण मुली मशीनवर मागे राहतात असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नसे. मी नोकरीला लागल्यावर त्यांचं पत्र आलं. मुलीला डिप्लोमाला घालायचंय, कुठली शाखा बरी, एवढंच विचारलं होतं. सविस्तर लिहू म्हणून मी ते बाजूला ठेवलं, ते आठ महिने तसंच राहिलं. पत्र लिहून देणाऱ्याची मुलगी मी, आणि मला दोन ओळी जमल्या नाहीत. पुढे एकदा कॉलेजात गेले तेव्हा मामा भेटले. मुलीने जी मिळाली ती शाखा घेतली होती. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, स्टूल पुसून दिलं आणि त्या पत्राबद्दल एक अक्षर काढलं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे पंधरा मिनिटं लिहिली आहेत, ती संपत आली. येताना मी पाहिलं, तुमच्या मेसच्या मावशी मंडपामागे पाहुण्यांसाठी भजी तळतायत. त्यांना समारंभाला आत कुणी बोलावलेलं दिसत नाही. फोटो झाले की झगे परत करायच्या आधी तिकडे जाऊन या.