स्वभावाचा शिक्का



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या सरांच्या हाताखाली मला काही वर्षे काम करण्याचे भाग्य लाभले. निमंत्रण आले तेव्हा सरांच्या गुणांचे वर्णन करावे, असे प्रथम मनात आले. परंतु आपल्याविषयी विशेषणांची रास रचलेली सरांना कधीच आवडत नसे. म्हणून त्यांच्या गुणांऐवजी माझ्या एका चुकीविषयी बोलणार आहे. ती चूक मी याच शाळेत केली आणि सरांनीच ती माझ्या पदरात घातली.

‘स्वभावाला औषध नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. एखाद्याला तापट, घुमा, भित्रा, चळवळ्या असे म्हटले की आपले काम संपते. पुढे पाहण्याची, विचारण्याची गरज उरत नाही. माणसामाणसांच्या वृत्तीत भेद असतात, हे कोणीही नाकारणार नाही. आयुर्वेदाने वात, पित्त, कफ सांगितले. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार द्रवांवरून माणसाची प्रकृती ठरवली. प्रश्न भेदांचा नाही. आपण केलेल्या वर्णनाचा निकाल केव्हा होतो आणि तो निकाल कोणाला भोगावा लागतो, हा खरा प्रश्न आहे.

गोष्ट १९७८ सालच्या सुमाराची. आठवीच्या माझ्या वर्गात खेड्यातून येणारा एक मुलगा होता. कोपऱ्यातल्या बाकावर बसे. प्रश्न विचारला की उभा राही आणि खाली पाही. वर्षाअखेरीस मी त्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिले : ‘अबोल, निरुत्साही. पुढाकार घेण्याची वृत्ती नाही.’ लिहिताना माझ्या मनात दुष्टावा नव्हता. उलट आपण मुलाला नेमके ओळखले, असे समाधानच होते. नववीच्या शिक्षकांनी तो शेरा वाचला आणि त्याला प्रश्न विचारणेच बंद केले. त्यांचाही हेतू वाईट नव्हता. मुलाला संकोच होऊ नये, एवढाच होता.

पुढच्या उन्हाळ्यात निपाणीच्या आठवडी बाजारात गेलो असता ओल्या मिरचीच्या ढिगामागे तोच मुलगा उभा दिसला. हातात तागडी, तोंडाने गिऱ्हाइकांना हाका, एकाशी घासाघीस चालू असताना दुसऱ्याचा हिशेब तोंडी पुरा. आणि हे सारे अस्खलित कन्नडमध्ये! त्याच्या घरची भाषा कन्नड होती, हे मला त्या दिवशी कळले. वर्षभर जो मुलगा माझ्यापुढे मुका होता, तो मुका नव्हताच. तो मनातल्या मनात भाषांतर करीत होता. ते पुरे होईपर्यंत मी पुढच्या मुलाकडे वळलेलो असे.

मी त्याच्या वडिलांना म्हणालो, याला शाळेत पाठवा, मुलगा हुशार आहे. ते हसून म्हणाले, “गुर्जी, पोरगं कायबी बोलत न्हाई म्हून तुमीच लिवलंय न्हवं? मग हितंच बरं हाय त्याला.” मुलगा शाळेत परतला नाही. घरची परिस्थितीही असेल, दुसरी कारणेही असतील. पण त्यांच्या हातात जो कागद होता, त्यावर अक्षर माझे होते.

सरांना मी हे सांगितले. ते रागावले नाहीत. प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा पुढे घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “मास्तर, यातलं तुम्ही पाहिलंत किती आणि ठरवलंत किती?” मग म्हणाले, “शेऱ्यात विशेषण लिहू नका. क्रियापद लिहा. मुलगा कसा आहे ते तुम्हाला कळणार नाही. त्याने काय केलं, ते मात्र दिसतं.”

मित्रहो, एका शिक्षकाच्या शेऱ्याने एका मुलाचे काय होते, ते मी पाहिले. हाच शेरा एखाद्या राजवटीने संपूर्ण समाजावर मारला तर काय होते, याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. त्याचा शेवटचा अध्याय आपल्या बेळगावातच लिहिला गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी हिंदी समाजाची ‘लढाऊ’ आणि ‘बिगरलढाऊ’ अशी वाटणी केली. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. दीर्घकाळच्या शांततेने दक्षिणेकडील आणि मुंबई इलाख्यातील शिपायांचा लढाऊपणा ओसरला, अशी त्यांची धारणा होती. भरतीचा ओघ उत्तरेकडे वळवण्यात आला. या धोरणाचा सर्वांत कठोर घाव महार समाजावर पडला. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत ज्यांचे शिपाई कंपनीच्या पलटणीत लढले होते, त्यांनाच १८९० च्या दशकाच्या आरंभी सैन्याचे दार बंद झाले. खरे कारण अस्पृश्यतेचे होते. वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे शिपाई त्यांच्याबरोबर राहण्यास तयार नव्हते. पण कारण जातीचे असले तरी भाषा स्वभावाची वापरली गेली. अन्यायाला स्वभावाचे नाव दिले की तो अन्याय वाटत नाही, निसर्गाचा नियम वाटतो.

या शिक्क्याविरुद्ध त्या समाजाने अर्जांवर अर्ज केले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे नेले. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. निकड सरली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. म्हणजे गरजेपुरता स्वभाव बदलला आणि गरज संपताच पूर्ववत झाला! अखेर दुसऱ्या महायुद्धात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरल्यानंतर, १ ऑक्टोबर १९४१ रोजी महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, ती येथे, बेळगावात. या रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ मधील श्रीलंकेतील कारवाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. मराठ्यांविषयीची शंकाही रणांगणावरच खोटी ठरली. ज्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या शहरात आहे, त्या रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना १९४४ आणि १९४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले.

परंतु मानचिन्हांची ही यादी सांगून मला थांबता येत नाही. ज्यांना दार बंद होते, त्या पन्नास वर्षांतील तरुणांचे काय? शिक्का खोटा ठरवण्याची जबाबदारी नेहमी ज्याच्यावर तो मारला जातो त्याच्यावरच का पडावी? मारणाऱ्याला पुरावा कोणी मागितला नाही.

निपाणीकरांना आणखी एक उदाहरण आठवेल. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायका म्हणजे गरीब, सोसणाऱ्या, तोंड न उघडणाऱ्या, असाच समज होता. त्याच बायका संघटित झाल्या, मजुरी आणि वागणुकीचा जाब विचारू लागल्या. ‘युगांतर’ या गटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर माहितीपट केला. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. ‘सोशिक’ हा त्यांचा स्वभाव नव्हता. ती त्यांची परिस्थिती होती.

आपल्या सीमाभागापुरते आणखी एक सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून येथील दोन भाषिक समाज एकमेकांविषयी एकच विशेषण वापरताना मी ऐकत आलो आहे : ‘हट्टी’. आपल्या बाजूच्या त्याच गुणाला मात्र ‘निष्ठा’ म्हणतात. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयासमोर आहे. त्याच्या न्यायान्यायाची चर्चा येथे अप्रस्तुत होईल. पण मिरचीच्या ढिगामागचा तो मुलगा ना शांत कानडी होता, ना मुखदुर्बळ मराठी. एका गल्लीत तो बोलका होता आणि दुसऱ्या गल्लीत गप्प. सीमेवर राहणाऱ्यांना तरी हे उमगायला हवे.

आता आजच्या तरुण माजी विद्यार्थ्यांकडे वळतो. आपल्यापैकी अनेकजण पुण्या-बेंगळुरूच्या कंपन्यांत आहेत. तेथे प्रश्नावली भरून घेतात आणि चार अक्षरांत तुमचे व्यक्तिमत्त्व सांगतात, असे माझा नातू सांगतो. तो स्वतःला ‘इन्ट्रोव्हर्ट’ म्हणवतो आणि त्या आधारावर पाहुण्यांसमोर येत नाही! या विचाराचे मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ मधील ग्रंथात आहे. अमेरिकेतील कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी त्यावरून सोळा प्रकारांची चाचणी रचली. पण खुद्द युंग यांनीच पुढे माणसांवर अशी लेबले चिकटवण्याला पोरखेळ म्हटले होते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा ‘प्रकार’ बदलतो, हेही दिसून आले आहे. कारण बहुतेक माणसे दोन टोकांवर नसतात, मध्यावर असतात.

मग ती वर्णने पटतात कशी? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे’ म्हणून वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. वर्णन सर्वांना एकच दिले होते आणि त्यातील वाक्ये भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. १९६८ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका शाळेचा प्रयोग प्रसिद्ध केला. केवळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली काही मुले यंदा विशेष प्रगती करतील, असे शिक्षकांना सांगण्यात आले. खालच्या वर्गांतील अशा मुलांनी खरोखरच अधिक प्रगती दाखवली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु शिक्षकाच्या अपेक्षेला वजन असते, एवढे मान्य करण्यास मला अमेरिकेचा पुरावा लागला नाही. माझ्याजवळ निपाणीच्या बाजाराचा होता.

स्वतःला अंतर्मुख म्हणवून कोणाला आधार वाटत असेल तर माझी हरकत नाही. पण तोच शब्द नोकरी नाकारण्यासाठी, मुलीचे स्थळ मोडण्यासाठी किंवा मुलाला शेवटच्या बाकावर ठेवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो आधार राहत नाही, कुंपण होतो.

यावर उपाय काय? सरांनी सांगितलेलाच. त्या दिवसानंतर निवृत्तीपर्यंत मी एकही विशेषण प्रगतिपुस्तकात लिहिले नाही. ‘यंदा तीन वेळा स्वतः हात वर केला.’ ‘कविता पाठ म्हटली नाही, वहीत मात्र सुंदर उतरवली.’ ‘घरी कन्नड बोलतो. उत्तरासाठी थोडा वेळ द्यावा.’ असे लिहिण्यास वेळ अधिक लागतो, कारण आधी पाहावे लागते. विशेषण मात्र न पाहताही लिहिता येते.

आज समोर बसलेल्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या वर्गातील एका तरी गप्प मुलाला यंदा त्याच्या अंगणात, त्याच्या भाषेत, त्याच्या कामात पाहून या. मग शेरा लिहा. तो मुलगा आज पन्नाशी-साठीचा असेल. कदाचित नातवंडांना बाजाराच्या गोष्टी सांगत असेल. त्याच्या प्रगतिपुस्तकातील ती ओळ मला आता खोडता येत नाही. ती पुन्हा कोणाच्या पुस्तकात उतरू नये, एवढीच सरांच्या स्मृतीला माझी आदरांजली.