गुरुजींचा एक तास

दिवसभर कापूस वेचून घरी आलेल्या मैत्रिणींनो, भाकरी टाकता टाकता ऐका, हात थांबवायची गरज नाही.

गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते. लेकरू चौथीत गेलं, पण धडा वाचता येत नाही. मग बोल लागतो तो गुरुजींना. पण त्यांचंही बघा. दोन शिक्षक, चार वर्ग. एकाच वर्गात कुणी गोष्ट सलग वाचतंय, कुणी जोडाक्षराला अडतंय, कुणाला अक्षरओळखच नाही, आणि संपवायचं आहे चौथीचं पुस्तक. मागे पडलेलं लेकरू आधी गप्प बसतं, मग शाळा बुडवायला लागतं.

यावरचा उपाय आपल्याच राज्यात करून पाहिलेला आहे. मुंबईत 'प्रथम' संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली. तिसरी-चौथीतली मागे राहिलेली पंधरा-वीस मुलं घेऊन त्या रोज दोन तास बसायच्या, आणि मुलांना जे येतं तिथून पुढे शिकवायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे अभ्यासकांनी मुंबईत आणि वडोदऱ्यात हे मोजून पाहिलं. बालसखी मिळालेली मुलं पुढे गेली होती. या दोघांना 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत नोबेल मिळालं.

पण हेच सरकारी शिक्षकांकडून करून घ्यायचं कसं? बिहारमध्ये काही शाळांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. फरक पडला नाही. हरियाणात 2012-13 मध्ये रोजचा एक तास ठरवून दिला. त्या तासात तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे नाही, तर वाचता येतं त्याप्रमाणे बसायची. शिवाय शिक्षकांवर देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना शिकवलं, आणि मगच ते शिक्षकांना सांगायला गेले. वाचन सुधारलं, गणित मात्र नाही. मला यातलं देखरेखवाल्यांचं शिकवणं सगळ्यात पटतं. ज्याने कधी भाकरी थापली नाही त्याचं सुनेने तरी का ऐकावं?

आता आपलं काम. 2009 च्या कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असतात. तिथे विचारा, असा तास आपल्या शाळेत आहे का? त्या वेळेत गुरुजींना कागद भरायला कोणी बसवत नाही ना? केंद्रप्रमुख आले की एखादा गट स्वतः शिकवून दाखवतात का? भांडू नका, गुरुजींच्या बाजूने विचारा.

आणि घरी लेकराला चार ओळींची गोष्ट वाचायला सांगा. आपल्याला वाचता येत नसलं तरी ते अडखळतं की सलग वाचतं, हे कानाला कळतं. तेवढं गुरुजींना सांगितलं की कोणत्या गटात बसवायचं ते त्यांना ठरवता येईल. तो तास सकाळी आहे की दुपारी, हेही विचारून ठेवा. वेचणीच्या दिवसांत तेवढ्या वेळेला लेकरू शेतात न्यायचं नाही.