बिनमापाची भेट

स्वेटर विणायचा तर माणूस समोर लागतो. छाती, खांदे, बाहीची लांबी, सगळी मापं घ्यावी लागतात. महिनाभरात विणून होईपर्यंत पोर दोन बोटं वाढलं, की केलेलं सगळं वाया. मफलरचं तसं नाही. कुणाच्याही गळ्याला तो होतो. चार वर्षांत न भेटलेल्या मैत्रिणीसाठी विणता येतो आणि घरातल्या माणसाला पत्ता लागू न देता त्याच्यासाठीही विणता येतो. अगदी अनोळखी माणसासाठीसुद्धा. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मफलर विणून पाठवले. कुणाचा मफलर कुठल्या चौकीवर, कुणाच्या गळ्यात गेला, हे विणणारीला कधीच कळलं नाही.

बाजारात दीड-दोनशे रुपयांना मफलर मिळतो, मग विणायचा कशाला, असं मला पुष्कळदा विचारलं जातं. मी हिशेब सांगते. आठ नंबरच्या सुयांवर ४० टाके घातले की वीतभर रुंदी होते. पाच फूट लांबीसाठी सहाशेच्या आसपास ओळी लागतात. म्हणजे २४ हजार टाके. सराईत हाताचे बारा-पंधरा तास. यातला प्रत्येक टाका बोटांतून गेलेला असतो. कवितेतही ओळ आणि विणकामातही ओळच. पण कवितेच्या सहाशे ओळी कुणी भेट द्यायला आणल्या तर माणसं दार लावून घेतात! मफलर मात्र हसत घेतात.

नव्याने शिकणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी वीण दिसायला गुळगुळीत असते, पण मफलरच्या कडा आत वळतात आणि त्याची सुरळी होते. त्यापेक्षा सगळ्या ओळी सुलट विणाव्यात. वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा सरळ राहतात. लहान मुलांसाठी आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांसाठी मी गोल मफलर विणते. प्लास्टिकच्या तारेने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवर तो गोलगोल विणला जातो. पहिली ओळ जोडताना टाक्यांना पीळ पडलेला नाही ना, एवढं बघायचं. डोक्यातून घातला की झालं. लोंबणारी टोकंच नाहीत, त्यामुळे चाकात किंवा झोपाळ्यात अडकण्याची भीती नाही.

धागाही माणूस बघून घ्यावा. दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी ॲक्रिलिकची असते. ती टोचत नाही, यंत्रात धुता येते, रोजच्या वापराला उत्तम. पण ज्याचं पहाटेचं बसणं शेकोटीपाशी, त्याला ती देऊ नये. ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर सहज पेट घेत नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाडला काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात. तिथे हा फरक महत्त्वाचा.

विणकामाचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. शिवलेल्या कपड्यात कापड एकदा कापलं की कापलं. विणलेली वस्तू एकाच धाग्याची असते, ती उसवून पुन्हा धागा करता येतो. हे मी अम्मीकडून पाहिलं. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी घेऊन जायचे, पहाटे अंधारात गाडी काढायचे. अम्मीने त्यांना राखाडी लोकरीचा स्वेटर विणून दिला होता. ते गेल्यावर त्यांचे कपडे रीतीप्रमाणे गरजूंना दिले. स्वेटर मागे राहिला, कारण कोपरांवर तो विरला होता, कुणाला देण्याजोगा नव्हता.

काही महिन्यांनी अम्मीने तो मांडीवर घेतला, शिवणी सोडवल्या आणि धागा ओढला. आम्ही भावंडं गप्प झालो. आम्हाला वाटलं, अब्बांची शेवटची वस्तू मोडली. तिने धाग्याच्या लडी खुर्चीच्या पाठीवर गुंडाळल्या, चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात भिजवल्या. उसवलेला धागा कुरळा असतो, तो सरळ व्हावा म्हणून लडीला तांब्या बांधून ती दोरीवर टांगली. मग तीन मफलर विणले. एक भावाला, एक मला आणि तिसरा अब्बांच्या गाडीवर अनेक वर्षं असलेल्या कंडक्टरकाकांना. ते घरी आले तेव्हा अम्मीने तो हातात दिला. रंग पाहून ते म्हणाले, "भाभी, हा तर..." आणि थांबले. मफलर गळ्यात घातला आणि चहाला बसले. तो स्वेटर पेटीत ठेवला असता तर एका माणसाची आठवण एका घरात राहिली असती. तीन माणसांनी ती पुढे कित्येक हिवाळे वापरली.

वापरली, हा शब्द मी मुद्दाम म्हणते. हाताने विणलेली वस्तू मिळाली की आपण ती ठेवणीत टाकतो. खराब होईल, म्हणतो. पण खऱ्या लोकरीला घडीतच कसर लागते. तिला ऊन हवं, वारा हवा, अंगाची ऊब हवी. विणणारीला विचाराल तर तिला कौतुकाचे शब्द ऐकण्यापेक्षा, चहाचा डाग पडलेला आपला मफलर कुणाच्या गळ्यात दिसला, तर जास्त आनंद होतो.

अम्मीची नजर आता अधू झाली आहे, तरी सुलट टाके ती बोटांनी मोजते. नातवासाठी काम चालू आहे. तुम्हीही विणा. पुरुषांनी विणू नये असा कुठे नियम नाही. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात, रेडिओ ऐकता ऐकता दहा ओळी सहज होतात. दिवाळीत टाके घातले तर निफाडचा पारा उतरेपर्यंत मफलर तयार होईल. आणि देताना किती दिवस लागले ते सांगू नका. खऱ्या लोकरीचा असेल तर गरम पाण्यात घालू नका, आटेल, एवढंच सांगा.