नक्कल करण्यापूर्वी थांबणारी पेशी



उन्हातील अतिनील किरण त्वचेच्या पेशीत शिरले की डीएनएमधील थायमिनची दोन शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटू शकतात. ही गाठ तशीच असताना डीएनएची चुकीची नक्कल झाली, तर ती चूक पुढच्या पेशींत कायमची जाते. म्हणून पेशी आधी थांबते.

नक्कल करणारे विकर गाठीपाशी अडले की एटीआर हे प्रथिन धोक्याची सूचना देते. सीएचके-१ हे दुसरे प्रथिन ती पुढे पोहोचविते आणि नव्या ठिकाणी नक्कल सुरू होणे रोखले जाते. एकीकडे दुरुस्ती करणारी प्रथिने गाठीसह सुमारे ३० अक्षरांचा तुकडा कापून काढतात व समोरच्या धाग्यावरून तो पुन्हा भरतात. तरीही गाठ उरली, तर पॉलिमरेज ईटा हे विकर तिच्यासमोर बहुधा योग्य अक्षरे मांडून पुढे जाते.

झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक रोगात ही व्यवस्था अपुरी पडते व लहानपणीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. अशा रुग्णांच्या पेशींत दुरुस्ती नीट होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखविले. काहींत दुरुस्ती ठीक असते, पण पॉलिमरेज ईटा सदोष असते, हे १९९९ साली कळले.

मित्रहो, असे मूल दिसल्यास कोणी शाप वा पूर्वजन्मीचे पाप म्हणेल. आपण तसे म्हणू नये. दोष जनुकात आहे. त्या मुलाला उन्हापासून जपावे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावे, एवढीच आमची विनंती.