जुन्या मोटारीतला प्रवास आणि कामगाराचा हात



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, नाही तर किमान वेतनावर. आम्ही कळवले, "एका जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स मोटारीतून केलेला प्रवास." लगेच त्यांचा फोन आला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते लेथवर, गेटसभांत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाने शौकिनांच्या मोटारीचे गुणगान करावे हे विपरीत दिसते खरे. ज्या गाडीत दोनच माणसे बसतात आणि जिचे छप्पर पावसात गळते, ती गाडी म्हणजे पोट भरलेल्या माणसाचे खेळणे, असे आम्हीही वर्षानुवर्षे म्हणत आलो. पण ह्या प्रवासातून आम्ही स्वतःची एक चूक ओळखून परत आलो. ती चूक चळवळीतली आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून ती अजून घडत असेल. म्हणून हा विषय.

प्रसंग असा. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपात आमच्या शेजारच्या व्हाइसवर काम करणारे आमचे एक मित्र फार वर्षांपूर्वी इंग्लंडात गेले आणि कॉव्हेंट्रीस यंत्रदुरुस्तीच्या कामावर स्थिरावले. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी २०२३ च्या जून महिन्यात आम्ही सपत्नीक तिकडे गेलो. लग्न पार पडल्यावर मित्र म्हणाले, "चल, तुला देश दाखवतो. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत." आणि त्यांनी गॅरेजचे दार वर केले. आत हिरव्या रंगाची एक ठेंगणी मोटार होती : एमजीबी, १९७२ ची. आसने दोन. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी कॉव्हेंट्रीतच विहीणबाईंच्या पंगतीला राहणे पसंत केले.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या ह्या गॅरेजमध्ये सेसिल किंबर नावाच्या व्यवस्थापकाने साध्या मॉरिस गाड्यांवर निराळ्या बॉडी चढवण्यास प्रारंभ केला, त्यातून हे नाव निघाले. तेच अष्टकोनी चिन्ह आज आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसते. ते आता एका चिनी कंपनीच्या मालकीचे असून ह्या गाड्या गुजरातेत हालोल येथे तयार होतात. मित्राची गाडी मात्र त्या चिन्हाच्या मूळ घरची. एमजीबी १९६२ साली बाजारात आली आणि १९८० पर्यंत पाच लाखांहून अधिक तयार झाल्या. त्यांतल्या बहुतेक परदेशी गेल्या आणि त्यांतही अमेरिकेस अधिक. इंजिन चार सिलिंडरचे, १,७९८ घनसेंटिमीटरचे. त्यावर दोन कार्बोरेटर आणि त्यांच्या अंगावर "एसयू" ही अक्षरे. आम्ही अर्थ विचारला. मित्र म्हणाले, "स्किनर्स युनियन." स्किनर नावाच्या बंधूंनी काढलेली ती कंपनी, तिचा कामगार संघटनेशी काही संबंध नाही. पण इंजिनावर युनियन हे नाव पाहिल्यावर आमचा अर्धा विरोध तिथेच मावळला.

इंग्लंडाचे नैर्ऋत्येचे टोक म्हणजे लँड्स एंड आणि स्कॉटलंडच्या उत्तरेचे जॉन ओ' ग्रोट्स. रस्त्याने हे अंतर ८७४ मैल धरतात, म्हणजे आपले सुमारे चौदाशे किलोमीटर. वाकडी वाट करून आम्ही त्यात भर घातली आणि चार दिवस घेतले.

अशा गाडीत बसणे म्हणजे काय ते सांगतो. माणूस जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यासारखा वाटतो. शेजारून ट्रक गेला की त्याच्या चाकाचे नट मोजता येतात. पेट्रोलचा, तापलेल्या तेलाचा आणि कापलेल्या गवताचा वास एकाच वेळी येतो. बोलायचे तर ओरडावे लागते, म्हणून माणूस कामापुरतेच बोलतो. गाडी मात्र सारखी बोलत असते. गिअरबॉक्सचा सूर, एक्झॉस्टचा खर्ज, किल्ली फिरवल्याबरोबर पेट्रोलच्या पंपाची टकटक. मशीनवर काम केलेल्या माणसाला हे चटकन कळते. आवाज बदलला की कान टवकारतात. नव्या मोटारीत बसले असताना आम्हांला नेहमी आपण सामान आहोत असे वाटते; ह्या गाडीत आम्ही पुन्हा पाळीवर आलो.

लँड्स एंडहून निघालो तो जवळच कॉर्नवॉलच्या कथील आणि तांब्याच्या खाणी लागल्या. खाणी कसल्या, इंजिनघरांच्या उघड्या भिंती आणि चिमण्या. तिथली शेवटची कथिलाची खाण १९९८ साली बंद झाली. आम्ही गाडी थांबवून पाहिले. आमच्या पिढीने मुंबईत गिरण्यांच्या चिमण्या पाहिल्या आहेत, तेव्हा ओळख पटवून द्यावी लागली नाही. पुढे बॉडमिनचे माळरान, एक्झिटर, स्टोनहेंजच्या शिळा असे करीत संध्याकाळी अ‍ॅबिंग्डनला पोहोचलो.

ही आमची वाकडी वाट. ह्या गावी १९२९ पासून एमजीचा कारखाना होता. बॉडीचे पत्रे स्विंडनला दाबले जात, इंजिने दुसरीकडून येत आणि जुळणी इथे होई. विशेष हे की जुळणीच्या रांगेत फिरता पट्टा नव्हता; गाडी एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी कामगार हातांनी ढकलीत. लाखो गाड्या अशा हातांनी ढकलत बाहेर पडल्या. त्या काळी ब्रिटिश मोटारधंद्यात संपांची धामधूम होती; पण अ‍ॅबिंग्डनची ख्याती शांत संबंधांची होती.

आणि तरी काय झाले? १९७९ च्या सप्टेंबरात कारखान्याच्या पन्नास वर्षांचा उत्सव झाला. मिरवणूक निघाली, गाव लोटले. उत्सव आटोपला आणि लगेच सोमवारी, १० सप्टेंबरला, ब्रिटिश लेलँडच्या व्यवस्थापनाने कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. पौंड वधारल्यामुळे अमेरिकेत विकलेल्या गाडीमागे तोटा येतो, हे कारण सांगण्यात आले. गाड्यांचे मालक चिडले आणि आपल्या मोटारींची रांग घेऊन लंडनवर गेले. श्रोतेहो, आम्ही मोर्चे पुष्कळ काढले. पण गिऱ्हाइकाने कारखाना वाचवण्यासाठी मोर्चा काढल्याचे हे एकच उदाहरण आम्हांला ठाऊक आहे. अ‍ॅस्टन मार्टिनच्या पुढाकाराने कारखाना विकत घेण्याचाही प्रयत्न झाला, तो फसला. १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची गाडी बाहेर पडली. संप करणारे कारखाने बंद पडतात असे आम्हांला नेहमी ऐकवले जाते. न करणारेही पडतात, हे अ‍ॅबिंग्डनला जाऊन पाहावे.

आज तिथे कारखाना नाही, कचेऱ्या आहेत. गावाच्या जुन्या सभागृहातल्या संग्रहालयात एक एमजीबी ठेवलेली आहे. आम्ही तिच्याभोवती फिरलो. जुळणी करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आम्हांला तिच्यावर दिसले नाही. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. त्याचे कारण आमच्या स्वतःच्या आयुष्यातले आहे, ते सांगितले पाहिजे.

२००९ साली आमच्या भागातला एक कारखाना बंद झाला. आम्ही तिथल्या युनियनचे सरचिटणीस होतो. वाटाघाटी अकरा महिने चालल्या. दर वर्षाच्या नोकरीमागे किती दिवसांचा पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, थकबाकी, ह्या सगळ्यासाठी भांडलो आणि बऱ्यापैकी मिळवले. सह्या झाल्या त्या दिवशी टूलरूममधले एक वयस्क कारागीर आमच्याजवळ आले. म्हणाले, "दादा, हिशेब चोख झाला. पण आपल्या डायचं काय?" आम्ही दमलेले होतो. म्हणालो, "काका, डायनी पोट भरतं का?" ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात त्या डाय वजनावर भंगारात गेल्या. ड्रॉइंगांचे गठ्ठे रद्दीत गेले. काका एका हाउसिंग सोसायटीत रात्रपाळीचे पहारेकरी झाले. मायक्रॉनचा हिशेब करणारा हात फाटकाची कडी लावू लागला. आम्ही त्याला नशीब म्हटले आणि पुढच्या गेटसभेला गेलो.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे निघालो. बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज लागले. तिथला प्रचंड कारखानाही २००५ साली कोसळला. पुढे शॅपच्या चढावर आम्ही मोटरमार्ग सोडून जुन्या रस्त्याने गेलो. तिथे एक छोटे स्मारक आहे. मोटरमार्ग होण्यापूर्वी ह्या अवघड घाटातून मालाच्या गाड्या नेणाऱ्या ड्रायव्हरांचे ते स्मारक. ज्यांनी रस्ता बांधला आणि राखला, आणि बर्फात अडकलेल्यांना ज्या गावकऱ्यांनी अन्न व आसरा दिला, त्यांचीही आठवण त्यावर कोरलेली आहे. राजाचा पुतळा पाहून आमची टोपी कधी उतरली नाही, तिथे उतरली.

तिसऱ्या दिवशी स्कॉटलंडात, पर्थच्या पुढे ड्रमॉक्टरच्या खिंडीत, सुमारे पंधराशे फूट उंचीवर, इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि ते बंद पडले. पाऊस बारीक लागलेला. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर. मित्राने किल्ली फिरवली. आम्ही म्हणालो, "टकटक नाही." "बरोबर," ते म्हणाले, "पंप बसला." उजव्या मागच्या चाकाजवळ तो पंप असतो. मित्राने हातोडीच्या दांड्याने त्याला हलकेच दोन ठोके दिले आणि तो टकटकू लागला. पण आम्हांला चैन पडेना. ठोकून चालवणे ही दुरुस्ती नव्हे. झाकण काढले. पाने इंची मापाचे. आमचा हात तेरा नंबरकडे जाई आणि मित्र अर्धा इंची पुढे करी. आतले पॉइंट काळे पडले होते. पॉलिश कागदाची चिंधी फिरवली, पुसले, झाकण लावले. अर्ध्या तासात रस्त्यावर. पस्तीस वर्षांपूर्वीसारखे आम्ही दोघे पुन्हा एका कामावर होतो.

हात पुसताना आम्ही म्हणालो, "एकावन्न वर्षांची गाडी, आणि पत्रा एवढा साबूत कसा?" मित्र हसले. "अरे, बॉडी मूळची नाही. ती गंजून गेली होती. ह्या गाड्यांच्या दाराखालचा पत्रा नेहमी गंजतो. आधीच्या मालकाने नवी बॉडी आणून बसवली." आम्ही विचारले, "बंद पडलेल्या कारखान्याची नवी बॉडी कुठून येते?"

तेव्हा त्यांनी सांगितले ते ऐका. कारखाना गेल्यावरही पत्रे दाबण्याच्या मूळ डाय आणि जिग सगळ्या नष्ट झाल्या नव्हत्या. ब्रिटिश मोटर हेरिटेज ह्या संस्थेने त्या शोधून गोळा केल्या आणि १९८८ पासून फॅरिंग्डन येथे एमजीबीच्या नव्या बॉडी तयार होऊ लागल्या. कारखाना बंद होऊन आठ वर्षे लोटली होती. १९९३ ते १९९५ मध्ये आरव्ही८ नावाची गाडी निघाली ती ह्याच बळावर. आज एमजीबीचा बहुतेक प्रत्येक भाग नवा मिळतो आणि तो बनवणाऱ्या, बसवणाऱ्या माणसांची लहान लहान वर्कशॉपे चालतात.

श्रोतेहो, आमच्या कानांत काकांचा प्रश्न वाजला. डायनी पोट भरते का? भरते. तिथे काही माणसांचे भरते आहे.

आम्ही भाबडे नाही. अ‍ॅबिंग्डनच्या हजारभर कामगारांची नोकरी त्या डायनी परत आणली नाही. गाडी वाचली, गाडी करणारे विखुरले. शौकिनांच्या प्रेमाला बाजार असतो म्हणून त्यांची मोटार वाचते. आपल्याकडच्या पंपाच्या, लूमच्या, सायकलच्या डायवर प्रेम करणारे शौकीन नाहीत. जुने ते सोने असेही आमचे म्हणणे नाही. त्या गाडीत पाय भाजतात आणि मान भिजते. पण एक गोष्ट पक्की : कारखाना म्हणजे केवळ इमारत आणि पगारपत्रक नव्हे. डाय, जिग, ड्रॉइंग आणि ती वापरणारा हात मिळून एक विद्या होते. ती मालकाच्या पैशाने उभी राहिली असेल. पण ती घडली कामगाराच्या बोटांत. टाळेबंदीच्या वेळी आम्ही कामगाराच्या वर्षांची किंमत मागतो, त्याच्या विद्येचा उच्चारही करीत नाही. ही आमची चूक.

चौथ्या दिवशी इनव्हर्नेसवरून समुद्राच्या कडेने वर गेलो. हेल्म्सडेल गावी परदेशी निघालेल्या एका कुटुंबाचा पुतळा आहे. त्या खोऱ्यातली कुळे एकोणिसाव्या शतकात जमिनीवरून हुसकली गेली, त्यांची ती आठवण. बेरिडेलचा नागमोडी चढ गाडीने दुसऱ्या गिअरमध्ये तक्रार न करता चढला. जॉन ओ' ग्रोट्सला पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि लख्ख उजेड होता. इंजिन बंद केले. टकटक थांबली. दोघेही काही वेळ बोललो नाही.

परत आल्यावर आम्ही आधी काकांकडे गेलो. सोसायटीच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून सगळी हकीकत सांगितली आणि माफी मागितली. माफीकडे त्यांनी लक्ष दिले नाही. थोडा विचार करून म्हणाले, "आठ वर्षं डाय पडून होत्या म्हणता? म्हणजे कुणीतरी त्यांना ग्रीस लावून ठेवलं असणार."

त्या कुणीतरीचे नाव आम्हांला माहीत नाही. पण तेव्हापासून आमच्या युनियनच्या मागणीपत्रात दोन कलमे वाढली आहेत. कारखाना बंद होणार असेल तर डाय, जिग आणि ड्रॉइंगांची यादी युनियनसमोर करावी आणि कामगारांच्या सहकारी संस्थेला ती घेण्याचा पहिला हक्क असावा, हे एक. निवृत्तीच्या आधी प्रत्येक कुशल कारागिराला एक शिकाऊ मुलगा किंवा मुलगी पूर्ण पगारी वेळेत द्यावी, हे दुसरे. पहिले कलम अजून एकाही मालकाने मान्य केलेले नाही. दुसरे दोन ठिकाणी मान्य झाले. त्यांतल्या एका ठिकाणी काका आता आठवड्यातून तीन दिवस शिकवायला जातात.

आपल्यापैकी कुणाच्या कारखान्यावर उद्या अशी वेळ आली, तर पैशाचा हिशेब जरूर करा. पै न् पै मागा. पण सही करण्यापूर्वी टूलरूममध्ये एक फेरी मारून या, एवढीच विनंती.